रक्त दिसले म्हणजे माज सरला नव्हे

तासगावजवळच्या वस्तीवरून एका भगिनींचे पत्र आले आहे. ते थोडक्यात असे: "आमची लॅब्राडोर कुत्री साखरी नऊ महिन्यांची आहे. ५ सप्टेंबरला सकाळी स्वयंपाकघराच्या पांढऱ्या फरशीवर रक्ताचे तीन-चार थेंब दिसले. काच लागली असेल म्हणून चारही पंजे पाहिले, पण जखम सापडली नाही. तेव्हापासून ती सारखी स्वतःला चाटते आणि फाटकाबाहेर दोन-तीन गावठी कुत्रे ठाण मांडून बसलेले असतात. सासूबाई म्हणतात, हिला पाळी आली आहे, गणपतीत घरात नको, गोठ्यात बांधा. आमच्याकडे पाच जर्सी गाई आहेत. यजमान म्हणतात, गाय रक्त टाकते तेव्हा माज होऊन गेलेला असतो, तसेच हिचे झाले असणार, आता मोकळी सोडायला हरकत नाही. गोठ्यावर काळ्या नावाचा आमचाच एक गावठी कुत्रा असतो. हा आजार आहे की माज? किती दिवस सांभाळायचे? आणि पहिल्या माजाला एकदा तरी पिल्ले होऊ द्यावीत असे शेजारी सांगतात, ते खरे का?"

ताई, पत्र हाती पडले त्याच दिवशी ‘तिला सोडू नका, आणि गोठ्यात बांधूही नका’ एवढे आपल्याला फोनवर कळवले होते. त्यामागची कारणे आता सविस्तर लिहितो.

आपण जी चिन्हे लिहिली आहेत ती पाहता साखरीचा हा पहिला माज आहे, असे मानायला भक्कम आधार आहे. लॅब्राडोर कुत्री साधारणपणे आठ-नऊ महिन्यांपासून वर्षभराच्या आत प्रथम माजावर येते. लहान चणीच्या जातींत हे सहाव्या-सातव्या महिन्यातही घडते, तर थोराड जातींत दीड-दोन वर्षे वाट पाहावी लागते. आपल्याकडे जत भागात पाळल्या जाणाऱ्या कारवानी कुत्र्यांच्या मालकांना मी नेहमी सांगतो की, वर्ष उलटले तरी मादी माजावर आली नाही म्हणून घाबरू नये. मात्र दोन वर्षे पूर्ण होऊनही काहीच दिसले नाही, तर तपासणी करून घ्यावी.

आता यजमानांच्या म्हणण्याकडे वळतो, कारण या पत्रातील सर्वांत धोक्याचे वाक्य तेच आहे आणि ते गाईंच्या बाबतीत अगदी बरोबर असल्यामुळे अधिकच धोक्याचे आहे. गाय दर २१ दिवसांच्या आसपास माजावर येते, तिचा माज जेमतेम एक दिवस टिकतो, त्या वेळी ती काचेसारखा स्वच्छ चिकट स्राव, म्हणजे सोट, टाकते, आणि माज ओसरल्यानंतर एक ते तीन दिवसांनी, विशेषतः कालवडींमध्ये, रक्ताचा थोडा स्राव दिसतो. म्हणून गोठ्यात वाढलेला माणूस शेपटीला रक्त पाहून ‘वेळ गेली, आता पुढच्या माजाला’ असे म्हणतो, आणि त्याचा अंदाज चुकत नाही. कुत्रीमध्ये हा क्रम उलटा असतो. तिचे रक्त माजाच्या आरंभी येते आणि गर्भधारणेचे दिवस त्याच्यानंतर असतात. गाईच्या पंचांगाने कुत्रीचे दिवस मोजले की नेमके नको त्या दिवशी फाटक उघडले जाते.

सासूबाईंच्या ‘पाळी’ या शब्दालाही हेच उत्तर आहे. स्त्रीच्या पाळीत गर्भ न राहिल्यामुळे गर्भाशयाचे आतले अस्तर सुटून बाहेर पडते. कुत्रीच्या बाबतीत इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे प्रमाण वाढू लागले की गर्भाशयाच्या आणि योनीमार्गाच्या रक्तवाहिन्या भरून येतात व त्यांतून रक्तपेशी झिरपतात. म्हणजे जे थेंब आपण पाहिले ते शरीराच्या तयारीचे आहेत, काही संपल्याचे नाहीत. सोवळ्याओवळ्याचा निर्णय आपल्या घराने करावा, त्यात मी पडत नाही. परंतु ज्या कारणाने तिला बाहेर काढायचे म्हणतात ते कारणच तिला लागू होत नाही, एवढे सासूबाईंना जरूर सांगा.

माजाचा पहिला टप्पा सरासरी नऊ दिवसांचा धरतात. पण सरासरी ही फसवी गोष्ट आहे. काही कुत्र्यांत तो तीन-चार दिवसांत आटोपतो, काहींत अडीच आठवडे लांबतो. या काळात शेपटीखालचा योनीचा बाहेरचा भाग, ज्याला गोठ्यात आपण निरण म्हणतो, तो सुजून नेहमीच्या दुप्पट-तिप्पट होतो आणि हाताला टणक लागतो. कच्च्या चिकूवर बोट दाबावे तसा. स्राव लालभडक किंवा काळपट लाल असतो. ती वारंवार आणि थोडे थोडे मूत्रविसर्जन करते. त्या मुत्रातील गंध वाऱ्यावर जातो आणि नरांना निमंत्रण मिळते. आपल्या फाटकाबाहेरची मंडळी तेथे का बसली आहेत, याचे कारण हेच. मात्र या दिवसांत नर जवळ आला तर ती गुरगुरते, फिरून अंगावर जाते, शेपटी पायांत घालून खाली बसते. हे पाहून घरच्यांना वाटते की, हिला स्वतःलाच नको आहे, तेव्हा काळजी नाही. ही खात्री चार-सहा दिवसच टिकते.

त्यानंतरचा बदल हळूहळू होतो आणि म्हणूनच तो निसटतो. स्रावाचा रंग फिका पडत जातो, लालाचा गुलाबी होतो, गुलाबीचा गवती पिवळसर होतो, कधी जवळजवळ थांबल्यासारखा वाटतो. सूज थोडी उतरते आणि निरण मऊ पडते. चिकू पिकला म्हणावे. आणि मग एका सकाळी तिच्या कमरेवर, शेपटीच्या वरच्या बाजूला, आपण सहज खाजवायला हात ठेवला की ती पाय रोवून स्तब्ध उभी राहते आणि शेपटी एका बाजूला वळवून धरते. हे चिन्ह दिसले की खरा माज सुरू झाला असे समजावे. हा दुसरा टप्पाही सरासरी नऊ दिवसांचा, पण तीन दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत कितीही असू शकतो. कालपर्यंत नरांवर दात काढणारी कुत्री आता दोरी तोडून त्यांच्याकडे जायला बघते.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. पशुवैद्यकाची पदवी घेऊन मला दोन वर्षे झाली होती, साताऱ्यात आमच्याच घरी एक पांढरी पॉमेरेनियन होती, आणि अकराव्या दिवशी रक्त थांबले म्हणून मी आईला सांगितले की आता जिन्याचे दार लावायची गरज नाही. आईने विचारलेही, "नक्की ना?" दोन महिन्यांनी जिन्याखालच्या पोत्यावर चार पिल्ले होती, त्यांतली दोन काळी. त्यानंतर पुष्कळ दिवस आई माझ्या प्रत्येक सल्ल्यावर ‘नक्की ना’ असे विचारत असे.

आपण आता काय पाहावे ते सांगतो. रोज सकाळी, तिला बाहेर नेण्यापूर्वी, पांढऱ्या सुती कापडाचा स्वच्छ तुकडा निरणावर हलकेच टेकवून रंग पाहा आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेसमोर एक शब्द लिहा: लाल, गुलाबी, पिवळसर. ५ सप्टेंबरला पहिला दिवस धरा. पण थेंब आपल्याला दिसले तो दिवस आणि प्रत्यक्षात सुरू झाले तो दिवस यांत एक-दोन दिवसांचे अंतर असू शकते, हे ध्यानात ठेवा. आपली फरशी पांढरी होती म्हणून ते दिसले. शहाबादी फरशीवर किंवा शेणाने सारवलेल्या जमिनीवर असते तर आणखी आठवडाभर कोणाच्या लक्षात आले नसते. काही कुत्र्या स्वतःला इतक्या चाटून स्वच्छ ठेवतात की एकही थेंब खाली पडत नाही, आणि मालक शपथेवर सांगतो की आमची माजावर आलीच नाही. अशा कुत्रीच्या अंथरुणावर रात्री जुने पांढरे धोतर किंवा पंचा घालावा, सकाळी उलगडा होतो.

तरुण कुत्र्यांच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी घडतात, त्या माहीत असाव्यात. एकीत रक्तस्राव नगण्य असतो, सूज जेमतेम असते, पण आत सर्व क्रम व्यवस्थित चाललेला असतो. हा मुका माज. दुसरीत सूज येते, रक्त येते, नर जमतात आणि आठ-दहा दिवसांत सगळे शांत होते, परंतु काही आठवड्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते आणि या वेळी तो पूर्ण होतो. पहिल्या माजात हे असे तुटक होणे रोगाचे लक्षण नाही. फक्त आपण निर्धास्त झालेलो असतो, तेवढाच त्यातला धोका.

किती दिवस सांभाळायचे, या प्रश्नाचे माझे उत्तर पहिल्या दिवसापासून पूर्ण चार आठवडे असे आहे, म्हणजे गांधी जयंतीपर्यंत. पुष्कळ जण तीन आठवडे सांगतात; बहुतेकींना ते पुरतात, पण ज्यांचा पहिला टप्पा लांबतो त्यांचा माज एकविसाव्या दिवशी ऐन भरात असू शकतो. शिवाय कुत्रीचे बीज बाहेर पडते तेव्हा कच्चे असते, त्याला पिकायला आणखी दोन-तीन दिवस लागतात, आणि नराचे शुक्राणू तिच्या शरीरात पाच-सहा दिवस, कधी त्याहून अधिक काळ, टिकून राहतात. त्यामुळे ‘फार लवकर झाले’ किंवा ‘फार उशिरा झाले, काही होणार नाही’ असे म्हणून स्वतःची समजूत काढण्यात अर्थ नसतो. चार आठवडे झाले, सूज पूर्ण उतरली, कापड दोन दिवस कोरडे आले आणि फाटकाबाहेरचे पाहुणे आपोआप उठून गेले, तरच सोडा. नराचे नाक आपल्या दिनदर्शिकेपेक्षा अचूक असते.

गोठ्यात बांधण्याविषयी मी इतक्या तातडीने नको म्हणालो, कारण साखळीला बांधलेल्या कुत्रीला पळताही येत नाही आणि आत शिरताही येत नाही, त्यातून गोठा तिन्ही बाजूंनी उघडा. बांधून ठेवणे आणि सुरक्षित ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यातच काळ्या तेथेच असतो. तो घरचा आहे, लहानपणापासून तिच्याबरोबर खेळला आहे, हे त्याच्या दृष्टीने या महिन्यात गौण आहे. सख्खी भावंडे असली तरी फरक पडत नाही. तिला घरातच, दाराला कडी लागेल अशा खोलीत ठेवा. मात्र बागेच्या फवारणीची औषधे, पावडरी जेथे ठेवता ती खोली या कामाला वापरू नका. कंटाळलेली लॅब्राडोर काय चावेल याचा नेम नसतो. गणपतीत माणसांची ये-जा असते, प्रत्येक जण फाटक ढकलून येतो आणि बहुतेक जण ते तसेच सोडून आत येतात, म्हणून घराचे आतले दारच पहाऱ्याचे दार माना. बाहेर नेताना पट्टा हातात, आणि तोही मोठ्या माणसाच्या हातात असू द्या. नरांची आपसात भांडणे होतात आणि मध्ये सापडणाऱ्या मुलाला चावा बसतो. साखरीची आणि काळ्याची रेबीजची लस झालेली आहे ना, हेही याच निमित्ताने तपासा. तिने जेथे मूत्रविसर्जन केले तेथे बादलीभर पाणी ओता. जाळीच्या फाटकातूनही मीलन होते, हे वाचून आपल्याला अतिशयोक्ती वाटेल, पण दवाखान्यात अशा घटना सांगणारे लोक येतात.

आणखी एक. हे भाद्रपदाचे दिवस आहेत, आणि कुत्र्यांचा भाद्रपद ही काही केवळ थट्टेची म्हण नाही. आपल्याकडच्या गावठी कुत्र्या बहुधा वर्षातून एकदाच, पावसाळ्याच्या उत्तरार्धात माजावर येतात, आणि ६३ दिवसांच्या आसपास गर्भकाळ धरला की कार्तिक-मार्गशीर्षात गल्लोगल्ली पिल्ले का दिसतात हे कळते. साखरीसारख्या पाळीव जातींना ऋतूचे असे बंधन नसते; त्या सहा-सात महिन्यांच्या अंतराने, कोणत्याही महिन्यात माजावर येतात. पण या वेळी तिचा माज आणि गावाचा हंगाम एकत्र आले आहेत, तेव्हा गर्दी नेहमीपेक्षा अधिक असणार.

आजाराची शंका आपण विचारली ते योग्यच केले. लघवीच्या जंतुसंसर्गात कुत्री कुंथते, थेंब थेंब लघवी करते, लघवीत रक्त मिसळलेले दिसते, पण निरण सुजत नाही आणि नर फिरकत नाहीत. माजापूर्वीच्या वयात काही पिल्लांना पिवळसर चिकट स्राव येतो, तो बहुधा आपोआप थांबतो. खरी चिंता रक्ताच्या प्रमाणाची. माजाचे रक्त थेंबांत मोजण्याइतके असते; त्याची धार लागली, गाठी पडू लागल्या, हिरड्या पांढऱ्या दिसू लागल्या किंवा नाकातूनही रक्त आले, तर तो माज एकटा नाही. आपल्या भागात गोचीड ताप सर्रास आढळतो आणि त्यात रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी होतात. द्राक्षबागेच्या शिवारात उंदीर मारण्याचे विष पोटात गेल्याचीही शक्यता असते. अशा वेळी रात्र उलटू न देता दवाखाना गाठावा. निरणातून गुलाबी मांसल गोळा बाहेर डोकावू लागला, तरीही दाखवावे. तरुण आणि मोठ्या जातींच्या कुत्र्यांत माजाच्या दिवसांत असे होते. मीलन झालेल्या कुत्रीचा रक्तस्राव दीड-दोन महिने चालूच राहिला, तर भटक्या कुत्र्यांमध्ये मीलनातून पसरणाऱ्या गाठीच्या कर्करोगाचा विचार करावा लागतो. त्यावर औषधोपचाराने गुण येतो.

चाटते म्हणून तिला रागावू नका. कोमट पाण्याने पुसणे पुरे आहे. जंतुनाशके लावू नका. सांगली जिल्ह्यातल्या घराला हळद लावू नका असे सांगणे धाडसाचे आहे, तरी सांगतो: तेथे हळदही नको. बाजारात कुत्रीसाठी चड्ड्या मिळतात, त्या फरशी स्वच्छ ठेवतात, कुत्री गाभण राहणे थांबवत नाहीत.

माजाचा नेमका दिवस जाणून घ्यायचाच असेल, तर योनीमार्गातून कापसाच्या काडीने नमुना घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतो. आरंभी गोल पेशी आणि त्यांच्याभोवती तांबड्या रक्तपेशी दिसतात. खऱ्या माजात त्याच पेशी चपट्या, कडा दुमडलेल्या, अगदी पोह्यांसारख्या दिसतात. तपासणी साधी आणि वेदनारहित आहे. रक्तातील प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची तपासणी अधिक नेमकी. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तेथपर्यंत जाण्याची आपली तयारी असेल तर पुढे त्याचा उपयोग होईल. आजच्या प्रसंगी एवढ्या खटाटोपाची गरज नाही.

शेजाऱ्यांच्या सल्ल्याविषयी मी स्पष्टच लिहितो. ‘एकदा तरी पिल्ले व्हावीत, नाहीतर कुत्री आजारी पडते’ या समजुतीला कसलाही वैद्यकीय आधार नाही. नऊ महिन्यांची साखरी स्वतःच अजून वाढते आहे. विक्रीसाठी पैदास करणाऱ्यांकरिता केंद्र सरकारने २०१७ मध्ये जे नियम केले, त्यांतही मादीचे वय किमान १८ महिने असावे अशी अट आहे. लॅब्राडोरमध्ये खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक दोष आढळतो, तो एक्स-रे काढून तपासल्याशिवाय तिची पिल्ले घेण्याचा विचार मी करणार नाही. पिल्ले नकोच असतील तर नसबंदी करावी. परंतु माज चालू असताना रक्तवाहिन्या भरलेल्या असतात, तेव्हा हा माज संपून सुमारे तीन महिने जाऊ द्यावेत, म्हणजे डिसेंबर अखेर.

इतके करूनही काळ्याने डाव साधला आणि दोघे अडकलेले सापडले, तर काठीने मारू नका, पाणी ओतू नका, ओढून सोडवू नका. दहा-वीस मिनिटांत, कधी त्याहून थोड्या उशिरा, ते आपोआप सुटतात. ओढल्याने दोघांनाही गंभीर इजा होते. नंतर दोन-तीन दिवसांच्या आत पशुवैद्यकाशी बोला. गर्भ राहू नये म्हणून पूर्वी इस्ट्रोजेनचे इंजेक्शन सर्रास दिले जाई. त्याने अस्थिमज्जेचे काम मंदावते आणि गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढतो. कोणी ‘एक सुई मारतो, विषय संपला’ असे म्हणाले, तर कोणती सुई ते विचारा. घाई न करता महिनाभराने सोनोग्राफीने खात्री करून पुढचा निर्णय घेता येतो.

मीलन झाले नाही तरीही माजानंतरचे दोन महिने तिच्यावर लक्ष ठेवा, कारण कुत्रीचे शरीर गर्भ असो वा नसो, तेवढा काळ गाभण असल्यासारखेच वागते. नोव्हेंबरात ती कोणाची चप्पल किंवा मोजा अंथरुणात नेऊन त्याला पिल्लासारखे सांभाळू लागली, सडांत दूध आले, तर घाबरू नका. दूध पिळू नका, शेकू नका, दोन-तीन आठवड्यांत ते ओसरते. पण याच सुमारास ती फार पाणी पिऊ लागली, जेवण सोडले, ओकारी झाली किंवा निरणातून दुर्गंधीयुक्त स्राव दिसला, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. गर्भाशयात पू झाल्याची ती लक्षणे असतात. पहिल्या माजानंतर हे क्वचित घडते, आणि घडलेले मी पाहिले आहे.

नसबंदी लांबणीवर टाकलीत, तर दिनदर्शिकेत मार्च आणि एप्रिलवरही आताच खूण करून ठेवा. तेव्हा गणपती नसतील, पण द्राक्षांच्या काढणीची माणसे असतील, टेम्पो येत-जात असतील आणि आपले फाटक दिवसभर उघडे असेल.